कारण मला माहीत होतं

मी बोलतोय. म्हणजे आजवर मी नुसताच उमटत आलो. तोंड उघडून बोलायची ही पहिलीच खेप, आणि बोलणार आहे ते संतापूनच. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, गोड बोलणं माझ्याकडून होणार नाही. गोड बोलण्याचा मला वीट आलाय. माझ्या अंगावर एक 'कृपया' चिकटवलेलं आहे, आणि त्या एका शब्दाआड काय काय झाकलं गेलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुम्ही मला ओळखता. फोनच्या पडद्यावर मधोमध, पांढऱ्या चौकटीत, डोक्यावर लाल गोल आणि गोलात फुली, असा मी उभा राहतो. माझ्या छातीवर लिहिलेलं असतं:

'काहीतरी चुकले आहे. कृपया आपली माहिती तपासून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.'

खाली एकच बटण. त्यावर लिहिलंय, 'ठीक आहे'. समोरच्या माणसाचं काहीएक ठीक नसतं, तरी त्याला तेच दाबावं लागतं, कारण दुसरं बटणच नाही.

मी एक एरर मेसेज आहे. लोकांनी मला आजवर खूप शिव्या दिल्या. सगळ्या मी मुकाट्याने घेतल्या, कारण त्या बरोबरच होत्या. आज माझी पाळी.

माझा जन्म एका ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर झाला. एसी इतका गार की भर दुपारी माणसं स्वेटर घालून बसलेली. मला लिहिणाऱ्याला सगळे 'प्रोफेसर' म्हणायचे, कारण कुठलीही गोष्ट सांगायची तर तो आधी फळ्यावर चौकोन काढायचा आणि मग बाण. हुशार माणूस. स्वभावानेही चांगला; लिफ्टमध्ये कुणी धावत येताना दिसलं तर दार धरून ठेवणारा. तो वाईट असता तर मला इतका राग आला नसता.

काम होतं डायलिसिस केंद्राच्या नोंदणीचं. ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत त्यांचं रक्त यंत्रातून गाळून स्वच्छ करावं लागतं, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. त्यासाठी खुर्ची लागते, यंत्र लागतं, ठरलेली वेळ लागते. पुढच्या आठवड्याच्या वेळा घरच्यांनी शनिवारी चार वाजेपर्यंत फोनवरून नोंदवायच्या, असं ते प्रोफेसरने बसवत आणलेलं ॲप.

नोंद कुठे कुठे अडू शकते याचा त्याने बारकाईने विचार केला. तब्बल अकरा कारणं त्याने शोधली. डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली नाही, हे एक. यंत्र दुरुस्तीला गेलंय, हे दुसरं. दोन नातेवाइकांनी एकाच वेळी नोंद केली, रक्ततपासणीचा अहवाल जुना झाला, नेट गेलं, आणि अशीच बाकीची. प्रत्येक कारण त्याने वेगळं ओळखलं, वेगळं नाव देऊन खणात ठेवावं तसं ठेवलं. ते काम इतकं नेटकं होतं की मी जन्मायच्या आधीच मला माझा अभिमान वाटायला लागला होता. वाटलं, किती नेमकं बोलू आपण! माणूस अडला की सांगू, बाबा रे, तुझं इथे अडलंय, असं कर.

तेवढ्यात टीमच्या मॅडम आल्या.

"झालं का प्रोफेसर? उद्या केंद्राच्या डॉक्टरांना दाखवायचंय."

"झालंय मॅडम. फक्त अडलं तर काय दाखवायचं, ते लिहायचं राहिलंय. अकरा वाक्यं लागतील."

"अकरा?" मॅडम हसल्या. "अरे, उद्या दाखवताना काही अडू देणार आहोत का आपण? सगळ्यांना मिळून एक टाक. नंतर बघू."

"बरं. 'माहिती तपासा' म्हणू?"

"म्हण. आणि कृपया घाल, उद्धट वाटायला नको."

झालं. अकरा कारणं आत, आणि बाहेर एकटा मी. चहाचा कप निवायच्या आत प्रोफेसरने मला लिहून टाकलं. माझ्या डोक्यावर, लोकांना न दिसणाऱ्या जागी, त्याने स्वतःसाठी एक टीप ठेवली: 'तात्पुरता. नंतर बदलणे.' त्या टिपेला मागच्या महिन्यात चार वर्षं पूर्ण झाली.

आता माझ्या जन्माचं पाप नीट समजून घ्या. मला कारण माहीत असतं. माझ्या पाठीला पाठ लावून ते बसलेलं असतं. मी उमटतो त्याच क्षणी आत कुठेतरी, दिवस-वेळ-मिनिटासकट, ते नोंदवलंही जातं. आणि मी पुढे होऊन म्हणतो काय, तर 'काहीतरी'! घराला कुलूप का, हे ठाऊक असलेला शेजारी 'कुणास ठाऊक बुवा' म्हणून दार लावून घेतो, तसा. बरं, अकरापैकी फक्त नेट गेलं असेल तरच थोड्या वेळाने प्रयत्न करण्यात अर्थ. बाकी दहांना थोडा वेळ काय, वर्षभर थांबलात तरी मी तिथेच, तीच फुली घेऊन.

केंद्र एका उताराच्या रस्त्यावर, तळमजल्याला. बारा खुर्च्या, बारा यंत्रं, औषधाच्या वासात मिसळलेला फिनेलचा वास. बाहेर नातेवाइकांची बाकं. तिथल्या फोनांवर मी दिवसातून पंधरा-वीस वेळा तरी उमटायचो, आणि माणसं कशी वागतात ते बघायचो. काही जण बटण जोरात दाबतात, जसं काही मला ऐकू कमी येतं. काही जण फोन बंद करून चालू करतात. एक गृहस्थ तर फोन शर्टाला पुसायचे. तरुण असेल तर म्हणतो, भंगार ॲप. पण वय झालेलं माणूस असं म्हणत नाही. ते स्वतःकडे बघतं. 'मलाच जमत नाही हो हे,' म्हणतं आणि ओशाळं हसतं. ते हसू बघितलं की मला पडदा फोडून बाहेर यावंसं वाटायचं.

तिथे माझी भाषा कळणारं एकच माणूस होतं, काउंटरवरच्या ताई. चार वर्षं रोज माझ्याशी झगडून त्यांनी माझं मौन उलगडलं होतं. टेबलाच्या काचेखाली त्यांनी चिठ्ठ्या सरकवून ठेवल्या होत्या: 'शनिवारी सकाळी आला तर बहुतेक अहवाल जुना.' 'नवीन पेशंटला आला तर चिठ्ठी बघा.' मी उमटलो की लोक फोन घेऊन त्यांच्याकडे यायचे किंवा घरून विचारायचे, आणि ताई म्हणायच्या, "हं, दाखवा. काय म्हणतोय हा मुका?"

मुका. मला ते नाव आवडायचं. त्यात निदान कीव होती.

आता ज्यांच्यामुळे मी आज बोलायला उभा राहिलो, ते दोघं. ताई त्यांना मावशी आणि काका म्हणायच्या, मीही तेच म्हणतो. काकांनी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, शाळांच्या, रस्त्यावरच्या. हात अजून स्थिर, पण मूत्रपिंडांनी दगा दिला. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठ, खुर्ची नंबर पाच. मावशी घरी शिवणकाम करायच्या आणि काकांचं पाणी मोजायच्या. दिवसाला चार कप, पाचवा नाही. शरीरातलं पाणी बाहेर पडायला दुसरी वाटच नव्हती. काका म्हणायचे, "अगं, मी रंगात सुद्धा एवढं मोजून पाणी घातलं नाही कधी." मावशी म्हणायच्या, "म्हणूनच तुमच्या पाट्या वर्षात उडायच्या." हे भांडण रोजचं, आणि दोघांनाही ते हवं असायचं.

मावशी श्रद्धाळू. पहाटे उठून देवापुढे बसायच्या, आणि एकदा शब्द दिला की मोडायच्या नाहीत. कुणी मोठ्या माणसाने, डॉक्टरने, कागदाने सांगितलं की ते तसंच्या तसं करायचं, ही त्यांची रीत. औषधावर 'जेवणानंतर अर्धा तास' लिहिलेलं असेल तर घड्याळ लावून अर्धा तास. अशा माणसाच्या हाती प्रोफेसरने मला दिलं.

तो शनिवार. काउंटरवरच्या ताई बहिणीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस रजेवर होत्या. मावशींनी सकाळी दहा वाजता चष्मा पुसून फोन हातात घेतला, तीन वारांवर खुणा केल्या, बटण दाबलं, आणि मी उमटलो.

कारण सांगू? काकांची काविळीच्या विषाणूची रक्ततपासणी दर नव्वद दिवसांनी व्हावी लागते, आणि ती होऊन त्र्याण्णव दिवस झाले होते. बस, एवढंच. त्यांच्या घराच्या जिन्याखाली, वाण्याच्या दुकानाला लागून, रक्त तपासणाऱ्याचं दुकान आहे. वीस मिनिटांचं काम. दुपारी अहवाल हातात.

मला हे सगळं दहा वाजताच माहीत होतं. मी म्हणालो, काहीतरी चुकले आहे.

"अहो," मावशी म्हणाल्या, "काहीतरी चुकलंय म्हणतोय."

"काय चुकलंय?"

"ते नाही सांगत. माहिती तपासा म्हणतोय."

त्यांनी माहिती तपासली. नाव, वय, पत्ता, नोंदणीचा क्रमांक. केंद्राचं कार्ड शेजारी ठेवून एकेका आकड्यावर बोट टेकवत. सगळं बरोबर होतं. पुन्हा दाबलं. पुन्हा मी.

"आता म्हणतोय, थोड्या वेळाने."

"थोडा म्हणजे किती?"

"पंधरा मिनिटं धरू?"

"सरकारी थोडा असेल तर दोन तास धर."

"गप्प बसा हो तुम्ही," मावशी म्हणाल्या, आणि दर दहा मिनिटांनी बटण दाबायचा त्यांनी नेम धरला. शिवणाची मशीन बंद. फोन मांडीवर, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. दहा वीस, दहा तीस, दहा चाळीस. दर वेळी दाबायच्या आधी डोळे मिटून क्षणभर हात जोडायचे. मला हात जोडले हो त्यांनी! आणि मी तोंड वर करून तेच वाक्य, तोच 'कृपया'. जिन्याखाली रक्त तपासणारा माशा मारत बसला होता.

मधे त्यांनी केंद्रात फोन लावला. काउंटरवर बदलीची मुलगी होती. तिने काचेखालच्या चिठ्ठ्या वाचल्याच नव्हत्या; त्यांवर कुणीतरी कॅलेंडर ठेवलं होतं.

"ॲपवरूनच करायचं असतं, काकू."

"करतेय गं सकाळपासून. काहीतरी चुकलंय म्हणतोय."

"मग माहिती तपासून थोड्या वेळाने करा ना."

ऐकलंत? माणसाचा आवाज, आणि वाक्य माझं. त्या दिवशी मला कळलं की मी रोगासारखा पसरतो.

दोन वाजता काकांनी फोन मागून घेतला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मला वाचलं, दोनदा वाचलं, आणि एखाद्या पाटीकडे बघावं तसं मान तिरकी करून बघत राहिले.

"ही पाटी कुणी लिहिली गं?"

"मला काय माहीत?"

"रस्ता बंद म्हणून सांगतोय, पण कुठे बंद, का बंद, कुठून वळायचं, काही नाही. अशी पाटी मी लावली असती तर कंत्राटदाराने माझ्या डोक्यात घातली असती."

"तुम्हाला पाट्या सुचतायत. माझं काय चुकतंय ते बघा आधी."

"तुझं कशाला चुकेल?"

"तो म्हणतोय ना!"

चार वाजले. एकूण एकेचाळीस वेळा मावशींनी मला विचारलं आणि एकेचाळीस वेळा मी खोटं बोललो. चार वाजून एक मिनिटाने खुर्ची नंबर पाच दुसऱ्या कुणालातरी गेली. त्या माणसाचा काही दोष नाही. त्यालाही ती हवीच होती.

सोमवारी दोघं तरीही केंद्रात गेले. खुर्ची भरलेली. बदलीची मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, "नाव सिस्टिममध्ये नाहीये." बुधवारी कुणी आलं नाही तर बघू, तोवर पाणी कमी द्या. मावशींनी चार कपांचे दोन केले. काकांनी त्या दिवशी विनोद केला नाही.

मंगळवारी दुपारी काकांना आडवं झोपवेना. आडवं झालं की श्वास कोंडायचा. उशा लावून बसवलं, तरी घशात घरघर. शरीरातलं पाणी फुप्फुसात चढलं होतं. शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून त्यांना जिन्यावरून खाली आणलं, त्या रक्त तपासणाऱ्याच्या दारावरून रिक्षात घातलं, आणि मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे तातडीने डायलिसिस झालं. डॉक्टर मावशींना म्हणाले, "अजून दोन तास उशीर झाला असता तर अवघड होतं."

काका वाचले. देवाची कृपा, असं मावशी म्हणाल्या. मी काही म्हणू शकलो नाही. माझ्याकडे म्हणायला ते एकच वाक्य.

रजेवरून ताई आल्या, काकांची फाइल बघितली, अहवालाची तारीख बघितली आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, अहवाल जुना झाला होता हो. तीन दिवसांनी."

"एवढंच?" मावशींनी विचारलं.

"एवढंच."

मावशी रागावल्या नाहीत. म्हणूनच मला आणखी राग आला. त्या इतकंच म्हणाल्या, "मग त्याने तसं सांगायचं ना. मी रात्रंदिवस विचार करतेय, माझ्या हातून काय चुकलं म्हणून. देवापुढे बसून आठवत होते, कुणाला बोलले का, कुणाचं मन दुखवलं का."

ताईंनी कंपनीला लेखी तक्रार केली. चार दिवसांनी उत्तर आलं: 'प्रणाली अपेक्षेप्रमाणे कार्यरत आहे. वापरकर्त्याने माहिती तपासावी.' कोण, कुठली ही अपेक्षा? एका माणसाचा श्वास कोंडला आणि त्यांच्या लेखी सगळं अपेक्षेप्रमाणे! ते उत्तर लिहिणारा माझाच भाऊ असणार. तसाच नम्र, तसाच पाषाण.

पण ताई हट्टाला पेटल्या. रोज सकाळी दहाला कंपनीत फोन. "ज्यांनी हे लिहिलंय त्यांनाच पाठवा, दुसरं कुणी नको." बाराव्या दिवशी तिथल्या कुणाला तरी त्यांचा कंटाळा आला, आणि प्रोफेसर स्वतः आला. चार वर्षांत पहिल्यांदा. खांद्याला बॅग, पायात आत येण्याआधी चढवलेले निळे मोजे, आणि बारा यंत्रांची घरघर ऐकून गांगरलेला चेहरा. ही जागा त्याने आजवर फळ्यावरच्या चौकोनातच पाहिली होती.

शुक्रवार होता. काका खुर्चीवर, हाताला दोन नळ्या. मावशी स्टुलावर. ताईंनी प्रोफेसरला सरळ तिथेच नेऊन उभं केलं.

"हे ते," ताई म्हणाल्या. "मुक्याचे वडील."

प्रोफेसर चाचरला. "मावशी, मला फार वाईट वाटलं. पण तसं बघितलं तर सिस्टिमने बरोबरच अडवलं होतं. अहवाल खरंच—"

"अडवायला आमचं काही म्हणणं नाही," मावशी म्हणाल्या. "मला फक्त एक विचारायचंय. मी त्या दिवशी सारखी विचारत होते. ते कुठे लिहिलेलं असतं का?"

"असतं ना. सगळं नोंदलेलं असतं." आणि काहीतरी करायला मिळालं म्हणून बरं वाटून त्याने लॅपटॉप उघडला, मावशींचा क्रमांक घातला, आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

एकेचाळीस ओळी. दहा वाजल्यापासून चारपर्यंत, दर दहा मिनिटांनी एक. पुढे पुढे, जीव घाबरा झाला तशी दर पाच मिनिटांनी. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, न चुकता, तेच: अहवाल जुना, ९३ दिवस. अहवाल जुना, ९३ दिवस. अहवाल जुना, ९३ दिवस.

मावशींनी पहिल्या ओळीवर बोट टेकवलं आणि खालपर्यंत सावकाश आणलं. शेवटच्या ओळीवर थांबल्या.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "याला पहिल्यापासून माहीत होतं?"

प्रोफेसरचा हात लॅपटॉपवरून बाजूला झाला.

"एकेचाळीस वेळा माहीत होतं, आणि सांगितलं नाही?"

"हो," प्रोफेसर म्हणाला. इतक्या हळू की यंत्राच्या आवाजात ते बुडालंच. त्याने त्या ओळी पुन्हा एकदा वाचल्या, या वेळी वेळ बघत. मग बॅग खाली ठेवली आणि काकांच्या खुर्चीपाशी जमिनीवरच मांडी घातली.

"आत्ता लिहितो," तो म्हणाला.

त्याने लिहिलं: 'अहवालाचा वैधता कालावधी समाप्त.'

काकांनी एक डोळा उघडला. "कोण वारलं?"

ताई फिस्सकन हसल्या. प्रोफेसरने खोडलं. पुन्हा लिहिलं: 'रक्ततपासणीचा अहवाल जुना आहे.'

"कसली तपासणी?" काका म्हणाले. "इथे महिन्यात चार तपासण्या होतात. आणि किती जुना? आणि मग मी काय करू, गळ्यात बांधून फिरू? प्रोफेसर, माणसाला अडवलंस ना, की त्याला वळण दाखवायची जबाबदारी तुझी. मी 'रस्ता बंद' नुसतं कधी लिहिलं नाही. बाण काढल्याशिवाय ब्रश धुतला नाही."

प्रोफेसर लिहीत गेला, काका नळीचा हात न हलवता दुसऱ्या हाताने खोडायला लावत गेले. शेवटी उतरलं ते असं:

'काविळीच्या रक्ततपासणीला ९३ दिवस झाले; ती दर ९० दिवसांनी करावी लागते. आजच कुठल्याही प्रयोगशाळेत करून घ्या आणि अहवालाचा फोटो इथे जोडा. बाकी सगळी माहिती बरोबर आहे. तुमची वेळ राखून ठेवली आहे.'

"'बाकी बरोबर आहे' हे राहू दे हं," मावशी म्हणाल्या. "ते वाचलं की माणूस शांतपणे जिना उतरेल."

काकांचं बोट शेवटच्या वाक्यावर होतं. "वेळ राखून ठेवता तुम्ही?"

"अं... नाही. चार वाजता सुटते ती."

"मग लिहू नकोस. खोटी पाटी रंगवायची नाही."

प्रोफेसर त्या वाक्याकडे बघत बसला. पुसायला बोट नेलं, आणि पुसलं नाही. बाहेर जाऊन त्याने मॅडमना फोन लावला. दार अर्धवट उघडं होतं; मी ताईंच्या फोनवर होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"मॅडम, अहवाल जुना असेल तर खुर्ची सोमवारपर्यंत धरून ठेवायला लागेल... हो, आतलं बदलावं लागेल... माहितीये, मेसेजच बदलायला आलो होतो... नाही मॅडम, नंतर नाही. मी आत्ता जमिनीवर बसून लिहीत होतो, आणि आत त्या मावशी आहेत. नंतर कसं म्हणू?"

मॅडमनी बरंच काही सुनावलं असावं. पण आठवड्याने ते झालं. आता अहवाल जुना असेल तर मी उमटत नाही; ते चार वाक्यांचं उमटतं, आणि खुर्ची खरंच धरून ठेवली जाते. लोक ते वाचतात, मान डोलावतात, तपासणीला जातात. कुणी त्याला शिव्या देत नाही. कुणी त्याला हातही जोडत नाही. गरजच पडत नाही.

तुम्ही म्हणाल, मग आता का चिडलायस?

कारण एकच कारण माझ्या तोंडातून निघालं. बाकीची दहा अजून कोंबलेलीच आहेत. 'पुढच्या टप्प्यात घेऊ' असं ठरलंय. तो पुढचा टप्पा कधीचा, ते कुणी सांगत नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, थोड्या वेळाने. आणि मी एकटा नाही. शाळेच्या अर्जावर, गॅसच्या नोंदणीवर, पेन्शनच्या खिडकीवर माझे हजारो जुळे उभे आहेत. प्रत्येकाच्या पाठीमागे कारण लिहिलेलं, प्रत्येकाच्या तोंडात बोळा. आणि प्रत्येकासमोर एक कुणीतरी, आपलंच काय चुकलं म्हणून आठवत बसलेलं.

लिहिणाऱ्यांनो, तुम्ही दुष्ट नाही, मला माहीत आहे. तुम्ही लिफ्टचं दार धरता. पण तुम्हाला मी कधीच दिसत नाही, कारण तुमच्या हातून सगळं पहिल्या झटक्यात होतं. एकदा तरी बाकावर येऊन बसा. मी कुणासमोर उमटतो ते बघा. 'कृपया' मला नको. मला कारण द्या, पुढची वाट द्या, आणि ज्याची चूक नाही त्याला तसं सांगायची मुभा द्या.

काल सकाळचंच सांगतो. बाकावर एक बाप बसला होता, मुलीची पहिलीच खेप. सहाव्यांदा बटण दाबत होता, दाबताना ओठ घट्ट आवळून. त्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर सही होती, शिक्का नव्हता. मला माहीत होतं. मी तोंड वासून म्हणालो, माहिती तपासा.

शेजारी मावशी दोऱ्याचं काम घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली, त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "दादा, थांबा. तुमचं काही चुकलेलं नाही. त्याला माहीत असतं, पण त्याला बोलू देत नाहीत. चला, आपण ताईंना विचारू."

तो उठला. 'ठीक आहे' न दाबताच उठला, मला तसंच उघडं टाकून. दोघं काउंटरकडे गेले, आणि बाकावर पडलेल्या फोनवर मी एकटा, लाल गोल आणि फुली घेऊन, छताकडे बघत राहिलो.

मावशी सगळ्या बाकांवर पुरणार नाहीत. मला पुसा.